मुख्यमंत्री, दिल्ली राज्य, यांचे सेवेशी

रुपराव उमाठेची गोष्ट सांगायची म्हटली की मला आधी राग येतो. आधी त्याचा, मग दिल्लीचा. तो ओसरला की वाईट वाटतं, आणि मग पुन्हा राग येतो. म्हणून हे सलग सांगणं होणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

नागपूरच्या सदरला कचेरीच्या भिंतीला लागून आमची दोन टेबलं होती आणि दोन्हींवर मिळून एकच ताडपत्री. मी स्टॅम्प विकायचो, रुपराव अर्ज टाइप करायचा. एकोणीसशे छप्पन ते त्र्याऐंशी, सत्तावीस वर्षं आम्ही एकमेकांचा खोकला ऐकला. त्याचं टाइपिंग काही फार चांगलं नव्हतं. पलीकडचा दादाजी त्याच्यापेक्षा दुप्पट वेगानं टाइप करायचा. तरी लोक रुपरावाकडेच रांग लावायचे, कारण कोणता अर्ज कोणत्या दारात टाकायचा हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. उमरेडकडचा माणूस यायचा, शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या सागाचं भांडण अर्धा तास सांगायचा. रुपराव यंत्राला हात लावायचा नाही. सगळं ऐकून म्हणायचा, "तहसीलदाराकडे काहून गेला गा तू? हे वनखात्याचं काम व्हय. उगाच तीन महिने घालवले." मग एक पानाचा अर्ज. महिनाभरात काम होऊन तो माणूस संत्र्यांची टोपली घेऊन परत यायचा. टोपलीतला निम्मा वाटा माझा, हे ठरलेलंच होतं.

आणि डिसेंबरात तर विचारूच नका. हिवाळी अधिवेशन भरलं की मुंबईचं सगळं सरकार आमच्या टेबलापासून चालत जाण्याच्या अंतरावर यायचं. मंत्री, सचिव, त्यांचे पीए, सगळे. गावोगावचे लोक निवेदनं घेऊन यायचे आणि रुपराव त्यांना सांगायचा, हे त्या खात्याच्या मंत्र्याला दे, हे तुझ्या आमदाराला दे आणि म्हणावं, सभागृहात प्रश्न टाका. प्रश्न टाकला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं, हा त्याचा आवडता मुद्दा होता. "थो उत्तर खोटं देईन, पण देईन," तो म्हणायचा. त्या तीन आठवड्यांत रुपरावाच्या तोंडावर अशी काही कळा यायची की घरात लग्न आहे असं वाटावं.

त्याचं दुखणं तिथेच होतं. छप्पन सालापर्यंत तो सेक्रेटरिएटात टाइपिस्ट होता. नागपूर तेव्हा राजधानी होतं, आमच्या मध्य प्रदेशाची. एक नोव्हेंबरला राज्यांची वाटणी झाली, राजधानी भोपाळला गेली, आम्ही मुंबईला जोडले गेलो. कर्मचाऱ्यांच्याही याद्या लागल्या. कोणी भोपाळ, कोणी मुंबई. रुपरावाचं नाव मुंबईच्या यादीत होतं. हा गेला नाही. "राजधानी गेली तिकडे जाऊ दे, म्या नाही जात," म्हणून चांगली सरकारी नोकरी सोडून भिंतीला टेबल लावून बसला. अशा माणसाला काय म्हणायचं? मी तेव्हा त्याला गाढव म्हटलं होतं. आजही माझं मत बदललेलं नाही.

तर अशा या माणसाला एकच मुलगी, पुष्पलता. सडपातळ, सावळी, बोलायला कमी, पण बोलली की बापाची बोलती बंद. मॅट्रिकनंतर तिनं दोन वर्षांची शिक्षकाची पदविका केली आणि बहात्तर साली उमरेडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायची, शनिवारी परत यायची. येताना कधी पोरांनी दिलेली बोरं घेऊन यायची आणि आमच्या टेबलावर मूठ-मूठ ठेवायची. पहिलीच्या पोरांना तिनं चिंचोके मांडून बेरीज कशी शिकवली हे ती सांगायला लागली की एरवी गप्प असणारी ती हीच का, असा प्रश्न पडायचा. तिला शिकवायचं होतं. बाकी काही नको होतं.

त्र्याहत्तरला स्थळ आलं. मुलगा मूळचा इथलाच, मनोहरराव. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात क्लार्क, नेमणूक दिल्लीला. मुलगा चांगला होता, त्यात वाद नाही. पण रुपरावाला मुलापेक्षा गावाचंच वेड लागलं.

"दिल्ली, वामनराव! राजधानी. आपली एक गेली, पोरगी त्याच्याहून मोठ्या राजधानीत जाऊन राहिली. तिथं तर काय, सरकार दारातच हाय. राजधानीच्या माणसाचं लवकर ऐकल्या जाते."

"तिच्या नोकरीचं काय?" मी विचारलं.

"तिथं शाळा नाहीत का? इथं झेडपीची मास्तरीण, तिथं राजधानीची मास्तरीण होईन."

त्याची बायको सुभद्रा म्हणाली होती, पोरीला एकदा विचारा तरी. विचारलं की नाही मला ठाऊक नाही. मे महिन्यात लग्न झालं, राजीनामा गेला, पुष्पलता दिल्लीला गेली.

वर्षभरात पत्र आलं. तिथल्या प्राथमिक शाळेसाठी तिनं अर्ज केला होता. कार्यालयानं सांगितलं, तुमची नागपूरची पदविका आमच्या मान्य यादीत नाही. ती मान्य करून आणा, मग पाहू. शिवाय वयाची तीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत नेमणूक व्हायला हवी. पुष्पलता तेव्हा चोवीस वर्षांची होती.

रुपराव पत्र वाचून चक्क हसला. "एवढंच ना? एका अर्जाचं काम हाय." त्यानं ठेवणीतला जाड कागद काढला, नवी रिबन घातली आणि इंग्रजीत दीड पानाचा असा अर्ज ठोकला की मीही वाचून मान हलवली. वर ठळक अक्षरांत पत्ता: मुख्यमंत्री, दिल्ली राज्य, यांचे सेवेशी. प्रत शिक्षणमंत्र्यांना. रजिस्टर एडी केला आणि पोचपावतीची वाट पाहत बसला.

पाच आठवड्यांनी पोचपावतीऐवजी लिफाफाच परत आला. लाल शाईत शेरा होता. अशा नावाचं पद नाही.

मी हसलो. हसायला नको होतं, पण हसू आलं. ज्याला तहसील ते मंत्रालय सगळी दारं पाठ, त्याचाच अर्ज दार न सापडता परत येतो म्हणजे काय! म्हटलं, "काय गा रुपराव, दिल्लीले मुख्यमंत्रीच नाही म्हणतात. कोणाले पाठवला होता तुनं?"

"होता!" तो ओरडला. "बावन साली होता. म्या सेक्रेटरिएटात होतो तेव्हा त्याच्या नावानं पत्र टाइप केलं हाय माह्या हातानं. विधानसभा होती, मंत्री होते."

"मंग गेले कुठं?"

हे त्यालाही ठाऊक नव्हतं. इथे त्याची चूक काय झाली ते सांगतो, कारण ती आमच्या नागपूरवाल्यांचीच चूक आहे. आम्हाला वाटायचं, राजधानी म्हणजे जिथे मुख्यमंत्री बसतो ते गाव. आमच्या इथे तो बसायचा. तो उठून गेला, म्हणून आमची राजधानी गेली. मग सगळ्या देशाची राजधानी जिथे, तिथे केवढा मोठा मुख्यमंत्री बसत असेल! तिथे तो मुळात नसेलच, हे आमच्या डोक्यात कसं यावं?

दुसऱ्या दिवशी रुपराव वाचनालयात जाऊन बसला. चार दिवस टेबल बंद. पाचव्या दिवशी आला तो दिवाळं निघालेल्या माणसासारखा. एका गिऱ्हाइकाला थांबवून मला सांगायला लागला.

"ऐका, वामनराव. राज्य म्हणजे वेगळं निघालेलं घर. चूल आपली, चावी आपली. केंद्राशी नातं हाय, देणंघेणं हाय, पण घरात भाजी कोणती करायची हे आपली विधानसभा ठरवते. दिल्ली राज्य नाही. केंद्रशासित हाय. म्हणजे घरजावई! राहायला माडी, खायले पुरणपोळी, येणारे-जाणारे जावईबापू म्हणतात. पण कपाटाची चावी सासऱ्याच्या कमरेले. विधानसभा नाही, कायदा संसद करणार. एक महानगर परिषद हाय, तिच्यावर माणसं निवडून येतात आणि निवडून येऊन काय करतात? शिफारस! पोलीस केंद्राचे, जमीन केंद्राची, वर उपराज्यपाल, त्याच्याही वर गृहखातं. लहान शाळा महापालिकेच्या, मोठ्या शाळा प्रशासनाच्या, अन नवी दिल्लीचा मधला तुकडा तिसऱ्याच एका समितीचा. आता सांगा, माह्या पोरीची पदविका कोण मान्य करन?"

मी काय सांगणार? मी स्टॅम्प विकणारा. ते गिऱ्हाईक मात्र म्हणालं, "भाऊ, माह्या विहिरीचं पहा ना पहिले."

तिथून जे सुरू झालं ते सहा वर्षं चाललं. महापालिकेला अर्ज गेला. उत्तर आलं, नियम वरून ठरतात. प्रशासनाला गेला, उत्तर आलं, प्राथमिक शाळा आमच्याकडे नाहीत. गृहखात्याला गेला, तो शिक्षणखात्याकडे पाठवला असल्याचं कळवण्यात आलं. शिक्षणखात्यानं लिहिलं, पदविका ज्या राज्याची त्या राज्य सरकारकडून खुलासा मागवा. तेवढं एकच काम रुपरावाच्या हातातलं होतं. त्यानं चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात आपला आमदार गाठला, आमदारानं मंत्र्याच्या पीएला सांगितलं, आणि अधिवेशन संपायच्या आत खुलासा टाइप होऊन, शिक्का मारून हातात पडला. रुपराव तो कागद मला दाखवत म्हणाला, "पहा. अठरा दिवस. याले म्हणतात राज्य." मग तो कागद दिल्लीला गेला आणि तिथल्या कुठल्या तरी फायलीत चौदा महिने पडून राहिला.

मला चीड याची यायची की कोणीच वाईट वागत नव्हतं. कोणी हाकललं नाही, कोणी शिवी दिली नाही. प्रत्येक पत्राला सभ्य उत्तर यायचं. प्रत्येक उत्तरात पुढच्या दाराचा पत्ता असायचा आणि ते दार त्याच्यापुढच्या दाराचा पत्ता सांगायचं. एखादा माणूस तोंडावर नाही म्हणाला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

शहात्तरच्या उन्हाळ्यात रुपराव स्वतः दिल्लीला गेला. मी म्हटलं, जाऊन ये, समाधान होईल. पंधरा दिवसांनी आला तेव्हा ओठ फाटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. आठवड्यानं एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आपणहून सांगितलं.

सगळी कार्यालयं फिरून झाल्यावर कोणीतरी त्याला महानगर परिषदेच्या एका सदस्याकडे पाठवलं होतं. म्हातारा माणूस, जुन्या दिल्लीत राहणारा. त्यानं रुपरावाला बसवलं, सरबत दिलं, सगळे कागद चष्मा लावून वाचले. म्हणाला, "बाबूजी, मैं परिषद में बोल दूँगा। पर हम सिर्फ़ सिफ़ारिश करते हैं। मानना न मानना ऊपर वालों का काम है।"

रुपरावानं चिडून विचारलं, तुम्ही निवडून आलात ना? लोकांनी मतं दिली ना? मग?

म्हातारा म्हणाला, "पहले हमारी भी विधानसभा थी। सन छप्पन में गई। एक नवंबर को।"

"एक नोव्हेंबर, वामनराव," रुपराव मला म्हणाला. "आपली गेली तोच दिवस. तोच! आपण इथं रडत होतो अन मनात म्हणत होतो, दिल्लीवाल्यांची मजा हाय. अन तिकडे त्यांचंही त्याच दिवशी गेलं." मग म्हणाला, "इथं तर आमदार तरी उरला. तिथं थोही नाही. आपल्या हातानं पोरीले कुठं देऊन बसलो म्या."

सत्तावीस वर्षांत तेवढ्या एकदाच मी त्याचे डोळे भरलेले पाहिले. मला त्याची खरंच कीव आली. मी त्याला समोरच्या हॉटेलातून चहा मागवून दिला आणि म्हटलं, जाऊ दे, पोरगी सुखात आहे ना. तो म्हणाला, सुखात आहे, पण शेजारच्या पोरांना जिन्यात बसवून पाढे शिकवते. सासूला आवडत नाही, म्हणून जिन्यात.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? मला वाटलं, आता हा शांत होईल. झाला नाही. उलट पहिल्यापेक्षा जोरात अर्ज करायला लागला. सरकार बदललं तेव्हा नव्या मंत्र्यांना, पुन्हा बदललं तेव्हा पुन्हा नव्यांना. त्याच्या टेबलाखालची पत्र्याची पेटी नुसत्या दिल्लीच्या पत्रव्यवहारानं भरली. उमरेडच्या लोकांचे अर्ज तो आता घाईघाईत उरकायचा आणि लोक हळूहळू दादाजीकडे वळायला लागले. मी एकदा सुनावलं, "रुपराव, देवळातली घंटा वाजवावी तसा तू अर्ज करून राहिला. देव ऐकून राहिला का, हे तर पहा." तो म्हणाला, "फाईल हलून राहिली, वामनराव. तुम्हाले नाही समजत." खरं सांगायचं तर मला समजत होतं आणि त्याचा संतापही येत होता.

ऐंशी सालच्या ऑक्टोबरात पत्र आलं. जाड लिफाफा, सिंहाची मुद्रा. सदर पदविका समकक्ष मानण्यास हरकत नाही. रुपरावानं ते तीनदा वाचलं आणि पेढे आणायला उठला. मी पत्र हातात घेतलं. मग माझं लक्ष तारखेकडे गेलं. पुष्पलतेला मार्चमध्ये तीस पूर्ण झाली होती.

मी त्याला हाक मारून परत बोलावलं आणि तारखेवर बोट ठेवलं. त्यानं उभ्यानंच बोटांवर वर्षं मोजली, मग खाली बसला. दहा मिनिटांनी यंत्रावरचं कापड काढलं. म्हणाला, "वयाची अट शिथिल करता येते. विशेष बाब म्हणून."

त्या डिसेंबरात पुष्पलता नात्यातल्या लग्नासाठी नागपूरला आली होती. अधिवेशन सुरू होतं, रस्ता मोर्च्यांनी भरलेला. ती दुपारी टेबलापाशी आली, माझ्या पाया पडली. कानशिलाजवळ केस पांढरे झाले होते. मी उगाचच विचारलं, कसं काय वं, दिल्ली काय म्हणते? ती म्हणाली, "थंडी म्हणते, काका."

रुपरावानं तयार ठेवलेला अर्ज तिच्या पुढे केला. वयोमर्यादेचा. त्याचा बेत असा होता की इथे आलेल्या एका मंत्र्याला तो द्यायचा, म्हणजे तो दिल्लीतल्या ओळखीच्या मंत्र्याला देईल. "खाली सही कर, पुष्पे. चार वाजता त्यायची भेट ठरली हाय."

तिनं उभ्यानं सगळा अर्ज वाचला. मग घडी घालून टेबलावर ठेवला.

"मी नाही करत सही."

"काहून?"

"इथला मंत्री तिथं काय करन, बाबा? तुम्हाले तर माह्यापेक्षा जास्त समजते."

"थो पुढं पाठवन ना. विशेष बाब म्हणून—"

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सत्त्याहत्तर साली मी तुम्हाले पत्र टाकलं होतं. यांच्या ऑफिसची नागपूरले शाखा हाय, तिथं जागा खाली हाय, बदलीचा अर्ज यांनी भरून ठेवला हाय, पाठवू का म्हणून. उमरेडकडच्या शाळेतही मास्तरीण पाहिजे होती. सत्तावीस वर्षांची होती मी. तुम्ही काय लिहिलं?"

मला हे ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो, ठाऊक नव्हतं. तीन वर्षं रोज शेजारी बसून या माणसानं मला हे सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं सुभद्रेलाही नाही. दिल्ली पाहून आला होता, जिना माहीत होता, त्या म्हाताऱ्याचं ऐकून आला होता, आणि तरीही.

रुपराव घडी घातलेला अर्ज पुन्हा सरळ करायला लागला.

"तुम्ही लिहिलं, राजधानी सोडू नको, काम होऊनच राहिलं. मी हे पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी बदलीचा अर्ज फाडून टाकला."

"मले वाटलं, होऊन जाईन," रुपराव म्हणाला.

"कोण करणार होतं, बाबा?"

मोर्च्याच्या घोषणा चालू होत्या. दोन माणसं हातात कागद घेऊन रुपरावाच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली, कोणाच्या नावानं अर्ज करायचा ते विचारायला. पुष्पलता बापाच्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट पाहत होती, आणि रुपरावाला एकही नाव सांगता येत नव्हतं.